वर एक, खाली दोन

आमच्या तंत्रमहाविद्यालयाची संशोधन पत्रिका वर्षातून एकदा, मार्चमध्ये निघते, आणि ती दोन्ही बाजूंनी उघडते. पुढून उघडलीत तर काँक्रीट, मोटारी, रसायनं, सगळं आडव्या ओळींत. मागून उघडलीत तर मी. मी भाषा शिकवते. त्यामुळे माझे लेख उभ्या ओळींत असतात, वरून खाली आणि उजवीकडून डावीकडे, आमच्याकडे पूर्वापार लिहीत आले तसे. पुढची पानं आणि मागची पानं मध्ये कुठेतरी भेटतात, तिथे एक कोरं पान सोडलेलं असतं. एकोणतीस वर्षं ती मागची बाजू माझ्या एकटीची आहे.

पुढच्या बाजूची मंडळीही काही कमी नाहीत. एका सरांची अर्धी हयात बर्फ ढकलणाऱ्या पात्याची झीज मोजण्यात गेली. रसायनाच्या बाई कांद्याच्या सालींतून रंग काढतात. व्यायामाच्या सरांनी, खेळाडू ओरडल्यावर व्हॉलीबॉल जास्त जोरात जातो का, यावर वीस पानं लिहिली आणि शेवटी जात नाही असं सांगितलं. गणिताचे सर दोरीच्या गाठींवर संशोधन करतात आणि त्यांच्या बुटाची नाडी कायम सुटलेली असते. हे सगळं कोण वाचतं? लिहिणारा वाचतो आणि प्रूफ तपासणारा वाचतो. मी या लोकांत म्हणजे ताटातलं लोणचं, नसले तरी जेवण अडत नाही. पण मला माझ्या मागच्या बाजूचा फार अभिमान होता. तो किती महागात पडला ते सांगण्यासाठीच हे लिहिते आहे.

तीन वर्षांपूर्वी हाताकेनाका माझ्या खोलीत आले. ते बांधकाम शाखेत आहेत, लाटांचा अभ्यास करतात. त्यांच्या हातात कापडात गुंडाळलेली एक जुनी वही होती, कागेउरा गावच्या शाळेची नव्वद वर्षांपूर्वीची रोजनिशी.

"सेरिझावा-सेन्सेई, हे जरा वाचून द्याल का?" ते म्हणाले. "मला तर हा ब्रशचा फराटा म्हणजे गांडुळं वळवळल्यासारखा दिसतो."

मी वाचून दिलं. मोठी लाट आली त्याच्या दुसऱ्याच दिवशी हेडमास्तरांनी लिहिलं होतं की पाणी देवळाच्या पायऱ्यांवर, खालून तिसरीपर्यंत चढलं. हाताकेनाकांनी आपल्या संगणकावर लाट सोडली, तीही तिसऱ्या पायरीवर येऊन थांबली. आम्ही दोघांनी मिळून लेख लिहिला. पत्रिकेच्या इतिहासात पुढची आणि मागची बाजू पहिल्यांदाच एकत्र आली, म्हणून प्राचार्यांनी आमचं कौतुकही केलं.

आणि नवल म्हणजे हा लेख वाचला गेला. नगरपालिकेने वाचला. देवळाला तेहतीस पायऱ्या आहेत. आधी भूकंप झाला की कागेउराची माणसं सगळ्या तेहतीस चढून वर स्मशानात जाऊन बसत. सातव्या पायरीशेजारी एक मोठी सपाटी आहे. पाणी तिसरीपर्यंतच येतं म्हटल्यावर नगरपालिकेने त्या सपाटीवर झकास निवारा बांधला, गरम जमीन, पाण्याचे साठे, ब्लँकेटं सगळं. म्हाताऱ्यांची चढण वाचली.

ती वही जिच्या घरात सापडली ती हात्सुए आजी तोवर डोंगरापलीकडे लेकीकडे राहत होती. वय चौऱ्याऐंशी, दोन्ही गुडघे गेलेले. निवारा झाला तशी ती बोचकं घेऊन कागेउराला परत आली. मला फोन करून म्हणाली, "सातच पायऱ्या ना, सेन्सेई? तेवढ्या माझ्या गुडघ्यांना जमतात. तुमच्यामुळे आता मी माझ्या घरात मरणार." आमच्या लेखाची सुटी प्रत तिने देवघरात नवऱ्याच्या फोटोशेजारी ठेवली आहे.

या वर्षी फेब्रुवारीत मी त्याच रोजनिशीवर, हेडमास्तरांच्या भाषेवर, आणखी एक लेख लिहायला घेतला. गोवराच्या साथीचं एक पान होतं. त्या दिवशी शाळेत न आलेल्या मुलांचा हिशेब होता: मुलगे तीन, मुली नऊ, एकूण तीन.

मी हसले. एवढा शिस्तीचा माणूस, आणि बेरीज ही अशी! चहाचा कप उचलला आणि तसाच खाली ठेवला.

आमच्या लिपीत एक म्हणजे एक आडवी रेघ, दोन म्हणजे दोन रेघा, तीन म्हणजे तीन. दहाला वेगळी खूण आहे. जुने लोक बारा लिहायचे ते दहाची खूण आणि खाली दोन. पण आमचे हेडमास्तर पडले नव्या मताचे, अंकगणितावर जीव असलेले. ते बारा लिहायचे तर एक आणि दोन, पाटीवर मांडतात तसं. आणि ओळ उभी. म्हणजे वर एक रेघ, खाली दोन रेघा. एकवीस लिहायचे तर वर दोन, खाली एक. दोन्ही दिसायला तीन.

मुलगे बारा. मुली नऊ. एकूण एकवीस. म्हाताऱ्याची बेरीज बरोबर होती.

मी लाटेचं पान काढलं. वरच्या रेघेच्या खालची फट जरा मोठी होती, खालच्या दोन रेघांमधली लहान. तीन वर्षांपूर्वी ती मला दिसली नव्हती, असं मी म्हणणार नाही. दिसली होती. ब्रश घसरला असेल, म्हटलं आणि पुढे गेले. आता मी मोजपट्टी घेऊन बसले आणि त्या वहीतले असे सगळे आकडे मोजले, चौऱ्याऐंशी. जिथे खरोखर तीन होते तिथे फटी सारख्या होत्या. जिथे बारा होते तिथे वरची फट दीडपट. लाटेच्या पानावरही दीडपट.

पाणी तिसऱ्या नव्हे, बाराव्या पायरीपर्यंत आलं होतं. निवारा सातव्या पायरीवर आहे. म्हणजे तिथल्या गरम जमिनीवर माझ्या छातीएवढं पाणी. हात्सुए आजी माझ्या खांद्याला लागते.

मी धावतच हाताकेनाकांच्या प्रयोगशाळेत गेले. ते पाण्याच्या लांबलचक टाकीपाशी उभे होते.

"तीन नव्हे, बारा," मी म्हटलं.

"काय बारा?"

मी सांगितलं. वहीची दोन्ही पानं टाकीच्या कडेवर उघडून दाखवली. ते बराच वेळ वाकून बघत राहिले.

"दोन रेघांमधल्या फटीवरून?" ते म्हणाले. "सेन्सेई, म्हाताऱ्याचा हात हलला असेल हो."

"चौऱ्याऐंशी वेळा नाही हलत."

"पण माझं मॉडेल तीनशी जुळलं होतं की."

"जुळलं होतं, की जुळवलं होतं?"

त्यांनी पंप बंद केला. टाकीतलं पाणी हळूहळू स्थिर झालं.

"समुद्राचा तळ किती खडबडीत धरायचा हे थोडंफार आपल्या हातात असतं," ते म्हणाले. "तुम्ही तीन म्हणालात, म्हणून मी तीन येईपर्यंत तो आकडा फिरवला. त्यात काही पाप नाही, सगळेच करतात. तुमच्या वाचनावर माझा विश्वास होता."

"आणि तुमच्या गणितावर माझा! मी सगळीकडे सांगत सुटले, बघा, शास्त्रानेही तीनच सांगितलं!"

मग ते हळूच म्हणाले, "छापा शुद्धिपत्र. फक्त तुमच्या एकटीच्या नावाने छापा. वाचनाची चूक आहे, वाचणाऱ्याने दुरुस्त करावी."

मला राग आला, पण भांडायला वेळ नव्हता. मी तशीच नगरपालिकेत गेले. आपत्ती विभागाचे उपप्रमुख फार सभ्य गृहस्थ. त्यांनी मला चहा दिला, वहीचे फोटो पाहिले, मान डोलावली, आणि म्हणाले, "सेन्सेई, तोंडी सांगण्यावर आम्हाला काही बदलता येत नाही. निवारा छापील लेखावरून झाला, तर दुरुस्तीही छापील हवी. धोक्याच्या नकाशाची बैठक एकोणीस मार्चला आहे. तोवर आणा, त्याच दिवशी निवारा वर हलवण्याचा विषय घेऊ."

"आणि तोवर नाही जमलं तर?"

"पुढचा नकाशा पाच वर्षांनी."

"पाच वर्षांत लाट आली तर?"

"त्या दृष्टीने नक्की विचार करू," ते म्हणाले आणि वाकले. आमच्याकडे 'विचार करू' म्हणजे काय हे शेंबडं पोरही जाणतं.

पत्रिकेचं काम कुरोईवांकडे असतं, तेच ग्रंथालयाचे प्रमुख. पानं भरली होती, अंक छापखान्यात गेला होता. मी त्यांच्या टेबलापाशी उभी राहिले ती हललेच नाही.

"अहो, तुम्ही अशा उभ्या राहिलात तर मला डबा कसा खाता येईल?" शेवटी ते म्हणाले. "बरं, एक चिठ्ठी आत घालू. दोन ओळी, जास्त नाही. तुमचा तो लेख आडवा होता, तर चिठ्ठीही आडवी करू, अंक साधे घालू, म्हणजे भानगड नको."

इथे माझी मती फिरली. आजही आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

"नाही," मी म्हटलं. "उभी. आणि आकडा मूळ वहीत आहे तसाच. चूक वाचनाची आहे, तर मूळ जसं आहे तसंच द्यायला हवं."

कुरोईवांनी चॉपस्टिक्स खाली ठेवल्या. "तुमची हौस," ते म्हणाले.

हौसच ती. एकोणतीस वर्षं मागच्या दाराने आत येणारी बाई, एक चिठ्ठी तरी आपल्या पद्धतीने निघू दे, असं वाटलं. मी पेनाने, उभ्या ओळींत, स्वच्छ अक्षरात लिहिलं. पहिली ओळ: चूक, पायरी तिसरी. दुसरी ओळ: बरोबर, पायरी बारावी. बाराचा आकडा हेडमास्तरांसारखाच लिहिला. वर एक, खाली दोन.

कार्यालयातल्या निवा-सानने ते टाइप केलं. दुपारी प्रूफ आलं. मी ते तीनदा वाचलं. मोठ्याने वाचलं, बोट ठेवून वाचलं. मला स्पष्ट बारा दिसले. मी मंजुरीचा लाल शाईचा शिक्का मारला आणि त्या रात्री कित्येक दिवसांनी झोपले.

एकोणीस तारखेला सकाळी छापखान्याची गाडी कॉलेजच्या दारात आली. मी वरचाच एक अंक उचलला आणि त्याच्याभोवतीची कागदी पट्टीही न तोडता नगरपालिकेत नेला. बैठकीला नऊजण होते. तज्ज्ञ म्हणून हाताकेनाका आधीच येऊन बसले होते. मी उपप्रमुखांच्या हातात अंक दोन्ही हातांनी दिला. म्हटलं, "आणलं."

त्यांनी पट्टी तोडली. चिठ्ठी काढली. चष्मा वर केला, खाली केला.

"वाचून दाखवतो," ते म्हणाले. "चूक: पायरी तिसरी. बरोबर..." ते थांबले. "बरोबर: पायरी तिसरी."

कुणीतरी खोकला. मी म्हटलं, "नाही, नीट बघा. वर एक आहे, खाली दोन."

"सेन्सेई, हे एकच अक्षर आहे. तीन."

मी चिठ्ठी ओढून घेतली. छापील अक्षरांत प्रत्येकाला आपापला चौकोन असतो. बाराला दोन चौकोन लागतात. इथे एकच होता, आणि त्यात तीन रेघा नीट बसवलेल्या होत्या. निवा-सानने माझं पेनाचं बारा तीन म्हणून वाचलं होतं. आणि मी? मी प्रूफातलं छापील तीन, बोट ठेवून, तीनदा बारा म्हणून वाचलं होतं. आधी बाराचे तीन केले, मग तिनाचे बारा. जे डोक्यात असेल तेच डोळ्यांना दिसतं, हे मी दर वर्षी पहिल्या तासाला मुलांना सांगते.

"ही छपाईची चूक आहे," मी म्हटलं. "बारा! बारा म्हणायचं होतं मला. मी शपथेवर सांगते."

उपप्रमुखांनी चिठ्ठी पुन्हा अंकात ठेवली. त्यांना माझी कीव आली होती, ते मला दिसत होतं, आणि त्यामुळे तर जास्तच वाईट वाटत होतं. "सेन्सेई, तीन वर्षांपूर्वी तुम्ही याच खोलीत असंच छातीठोकपणे तीन सांगितलं होतं. आज तुमचं छापील शुद्धिपत्रही तीनच सांगतं आहे. फक्त तुम्ही बारा म्हणता. मी इतिवृत्तात काय लिहू?"

ते हाताकेनाकांकडे वळले. "तुमचं मॉडेल काय सांगतं?"

मी हाताकेनाकांकडे बघितलं. त्यांनी समोरचा पेन सरळ केला.

"प्रसिद्ध झालेलं मॉडेल तीनशी जुळतं," ते म्हणाले.

विषय संपला. ते पुढच्या मुद्द्यावर गेले, भोंग्यांच्या बॅटऱ्यांवर. मी खुर्चीत बसून राहिले.

बाहेर जिन्यात हाताकेनाका मला गाठायला धावत आले. चष्मा पुसत म्हणाले, "मी परवा पुन्हा चालवून बघितलं. तळाचा आकडा बदलला की बाराशीही जुळतं."

"मग बोलला का नाहीत?"

"तीनशीही जुळतं आणि बाराशीही जुळतं, मग ते मॉडेल कसलं, असं त्यांनी विचारलं असतं." त्यांनी चष्मा घातला. "आणि खरंच, ते मॉडेल कसलं? त्यावर माझी डॉक्टरेट आहे, सेन्सेई. माझी सगळी वर्षं त्या टाकीत गेली."

मला त्यांना मारावंसं वाटत होतं, आणि त्यांच्याइतकी ओळखीची व्यथा दुसऱ्या कुणाची नव्हती. मी जिना उतरले. गाडीत बसून निवा-सानला फोन लावला.

"अगं, तू तीन कसं टाइप केलंस?"

"तुमच्या कागदावर तीनच होतं की, सेन्सेई," ती घाबरून म्हणाली. "मलाही वाटलं, चूक तीन, बरोबर तीन, हे काय? विचारणारही होते. पण तुम्ही भाषेच्या. म्हटलं, यात काहीतरी खोल अर्थ असेल, आपल्याला कळत नसेल. शिवाय प्रूफावर तुमचा शिक्का आला."

मी तिला रागावले नाही. कोणत्या तोंडाने रागावणार?

तिथून मी सरळ कागेउराला गेले. वारा सुटला होता, समुद्र करडा. हात्सुए आजी घरापुढे बसून मुळ्याच्या चकत्या दोरीत ओवत होती.

"या या," ती म्हणाली. "तोंड का असं उतरलंय? कुणी मेलं की काय?"

मी तिच्यासमोर जमिनीवर गुडघे टेकले, कपाळ खाली टेकवलं, आणि सगळं सांगितलं. वहीतल्या रेघा, गोवराचं पान, चिठ्ठी, बैठक. ती दोरी ओवत ऐकत होती. मध्येच थांबली.

"म्हणजे पाणी किती पायऱ्या?"

"बारा."

"बारा," ती म्हणाली. "हे आधीच असं तोंडाने येऊन का नाही सांगितलंत? कानाला तीन आणि बारा वेगळे ऐकू येतात की."

"मला वाटलं, छापून आलं की..."

"आमची आई काही छापत नव्हती. म्हणायची, जमीन हलली की वर पळा. कुठवर, ते तिने कधी सांगितलं नाही. वर म्हणजे वर. पोरंसोरं, म्हातारे, सगळे थेट स्मशानापर्यंत. माझ्या आजीला दोघांनी पाटीत घालून नेलं होतं." तिने मुळ्याची चकती बोटांत फिरवली. "तुम्ही लोकांनी मोजून दिलंत, म्हणून आम्ही मध्येच थांबायला शिकलो."

तिने हे चिडून म्हटलं असतं तर बरं झालं असतं. तिने ते भाजीचा भाव सांगावा तसं म्हटलं.

"आजी, तुम्ही लेकीकडे परत जा," मी म्हटलं. "आजच. मी नेऊन सोडते. गाडी बाहेरच आहे."

"त्या खोलीत आता नातसून झोपते, पोटुशी आहे. मीच म्हटलं, घ्या खोली, मी काही परत येत नाही. आता काय सांगू, सेन्सेईंना मोजता आलं नाही म्हणून आले?"

"मग माझ्याकडे चला. माझ्या घरात मी एकटीच आहे."

ती हसली. तिला दातच नाहीत, सगळ्या हिरड्या दिसल्या. "तुमच्याकडे? पुस्तकांच्या ढिगाऱ्यात? त्यापेक्षा लाट बरी." मग हसणं ओसरलं. तिने पायऱ्यांच्या दिशेने बघितलं. तिच्या दारातून त्या दिसतात. "गावातले सगळे आता सातवर थांबतात. मुलांचा सरावही तिथेच होतो. तुम्ही आज घरोघर जाऊन बारा म्हणून सांगाल, ते तुमचं ऐकतील, हो म्हणतील, पण जमीन हलली की पाय सवयीने सातवरच थांबतील. मला माहीत आहे, माझेही थांबतील."

"मी रोज येईन," मी म्हटलं. "रोज सांगेन. दारोदार."

"या हो. पण आधी मला एकदा वर नेऊन दाखवा. बघू तरी बारा म्हणजे केवढं."

मी तिला हात दिला. तिचं वजन नव्हतंच, पण प्रत्येक पायरीवर ती दोन्ही पाय टेकवत होती, थांबत होती, आणि मोठ्याने मोजत होती. तिसऱ्या पायरीवर तिने माझ्याकडे तिरकं बघितलं. सातव्या पायरीशी निवारा आला. काचेतून आत नव्या ब्लँकेटांच्या घड्या दिसत होत्या. भिंतीवर माझं आणि हाताकेनाकांचं नाव असलेला फलक होता, खाली बारीक अक्षरांत लेखाचा संदर्भ, अंक आणि पानासकट. तिचे पाय आपोआप तिकडे वळले. मी तिला ओढून पायऱ्यांकडे परत आणलं.

आठव्या पायरीला तिने कठड्याला धरलं. नवव्या पायरीवर ती बसली. तिच्या ओठांचा रंग गेला होता. मी तिच्या पाठीवर हात ठेवला, तर पाठीचा मणका मणका हाताला लागत होता आणि त्यामागे तिचं हृदय नुसतं धडधडत होतं.

"बसू दे जरा," ती म्हणाली. "उचलून बिचलून नेऊ नका हं. त्या दिवशी तुम्ही इथे नसाल."

मी रडत होते आणि ते लपवण्याची मला गरज वाटली नाही. खाली तिचं घर, दारात ओवलेल्या मुळ्याची दोरी, त्याच्यापलीकडे धक्का, त्याच्यापलीकडे समुद्र. इथून सगळं किती जवळ होतं.

"बारापर्यंत आणखी किती?" तिने विचारलं.

मी वरच्या पायऱ्या मोजल्या. पुन्हा मोजल्या, बोट दाखवून, एकेक करून. आता मला चुकायचं नव्हतं.

"तीन," मी म्हटलं.

तिने मान हलवली. गुडघ्यांवर हात टेकले, उठायचा प्रयत्न केला, आणि पुन्हा खाली बसली.